तेल कोणते, कोठे आणि किती?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



घरगुती तेलांविषयी चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी डॉक्टर नव्हे की वैद्य नव्हे; सातवी शिकलेली गृहिणी. पण तेलाची वाटी हाती धरून मला वीस-पंचवीस वर्षे झाली. त्यात काही साधले, काही चुकले, आणि एक चूक तर जिवावरच बेतली होती. ती सांगावी, म्हणून उभी राहिले आहे.

माझे माहेर कोकणातले आणि सासर देशावरचे. माहेरी डोक्यापासून पायापर्यंत एकच तेल, ते खोबरेल. सासरी मात्र तिळाचे आणि करडईचे. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत माझी खोबरेलाची बाटली दगडासारखी घट्ट झाली. जाऊबाई हसून म्हणाल्या, "अगं, हे तेल की तूप?" खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतेच. म्हणून कडाक्याच्या थंडीतही जे पातळ राहते, त्यात दुसरे काही मिसळल्याची शंका घ्यावी. पण गोठले म्हणजे ते शुद्धच, असे मात्र समजू नये.

आता केसांचे पाहू. खोबरेलात जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. त्याचा कण लहान, म्हणून तो केसाच्या आत शिरतो. खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना करणारा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. धुताना केसातले प्रथिन निघून जाते, ते खोबरेलाने कमी जाते असे त्यात दिसले. बाकीच्या दोहोंनी तसे झाले नाही. तेव्हा न्हाण्याच्या आदल्या रात्री खोबरेल लावण्याची आपल्या आज्यांची रीत काही खोटी नव्हती. एरंडेल फार चिकट. ते लावायचेच तर एक भाग एरंडेल आणि तीन भाग खोबरेल असे मिसळून लावावे, म्हणजे केसांचा गुंता होत नाही.

पण भगिनींनो, तेलाने नवे केस उगवतात, ही समजूत सोडून द्या. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केस गळतात आणि बहुधा आपोआप सावरतात. एरवी मुठीने केस जाऊ लागले, तर रक्त कमी आहे का, थायरॉइडचे काही आहे का, हे तपासून घ्यावे. आणि कोंडा झाला की आपण डोके तेलाने थबथबून टाकतो, ते उलट होते. कोंड्याच्या मुळाशी एक बुरशी असते आणि ती तेलावरच पोसते. माझ्या धाकट्या मुलीच्या डोक्यावर मी दोन महिने तेल चोळत होते आणि कोंडा वाढतच होता. शेवटी डॉक्टरांनी तेल बंद करून औषधी शांपू दिला, तेव्हा तो उतरला.

तिच्याच चेहऱ्याची एक गोष्ट. मुरूम आले, म्हणून मी रोज रात्री तिच्या तोंडाला खोबरेल लावले. मुरूम दुपटीने वाढले आणि पोर शाळेत जायला रडू लागली. खोबरेल जड, त्याने त्वचेची छिद्रे बुजतात. तेलकट तोंडाला आणि मुरमांना तेल नकोच. कोरड्या चेहऱ्याला तोंड धुतल्यावर, कातडी ओलसर आहे तोवर, बदामाच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. नवे कोणतेही तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. लाली किंवा खाज आली नाही, तरच तोंडाला लावावे. तेलात लिंबू पिळून उन्हात बसण्याचा उपाय तर करूच नये, कातडी भाजल्यासारखी होते. आणि कोणत्याही तेलाने माणूस गोरा होत नाही. सावळ्या मुलीला तेलाची नव्हे, आपल्या चार चांगल्या शब्दांची गरज असते.

अंगाला तिळाचे तेल चांगले. नरकचतुर्दशीला पहाटे तेल-उटणे लावतो तेव्हा सगळ्या घराला ते आठवते. पण थंडीतल्या फुटलेल्या अंगाला ते आठवड्यातून दोनदा मिळाले तरी पुष्कळ. टाचांच्या भेगांना मात्र माझ्या माहेरच्या मुठेलासारखे दुसरे काही नाही. कोकमाच्या बिया कुटून पाण्यात उकळतात, वर तवंग येतो, तो काढून निवल्यावर मुठीत दाबून त्याचे गोळे करतात; म्हणून ते मुठेल. रात्री पाय धुऊन, गोळा जरा ऊन करून भेगांत भरावा आणि मोजे घालून निजावे. आठ दिवसांत फरक दिसतो.

आता ती गोष्ट सांगते. २००२ साली माझा थोरला तीन महिन्यांचा होता. न्हाऊ घालायला येणारी बाई त्याच्या टाळूवर तेल थापटी, अंग रगडी, आणि शेवटी दोन्ही नाकपुड्यांत कोमट तेलाचे थेंब सोडी. मूल कासावीस होई. मला ते पाहवत नसे. पण मी नवी सून, वडीलधाऱ्यांपुढे बोलणार कशी? काही दिवसांनी त्याला खोकला लागला, श्वास जोरात चालू लागला, बरगड्यांखाली खळगा पडू लागला. इस्पितळात नेले. छातीचा फोटो पाहून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बाळाच्या नाकात तेल घालता का?" आम्ही सगळ्या एकमेकींकडे पाहू लागलो.

नाकातले तेल घशातून फुप्फुसात उतरू शकते. पाणी गेले तर ठसका लागतो. तेलाने तोही धड लागत नाही, म्हणून आईला कळत नाही. बाळ अकरा दिवस इस्पितळात होते. सासूबाई एकदा म्हणाल्या, "माझ्या पाची मुलांना घातलं, त्यांना कुठं काय झालं?" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आजी, ती वाचली हे तुमचं भाग्य. याच्या भाग्याची परीक्षा कशाला पाहायची?" सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण घरी आल्यावर त्यांनी स्वतः त्या बाईला सांगितले, "अंगाला लाव, नाकाकानात थेंबही नको." पुढे आळीत कोणाकडे बारसे असले, की आधी त्या हेच सांगायच्या. आपली चूक अशी चारचौघींत सांगायला मोठे मन लागते. आज त्या नाहीत, म्हणून त्यांचे काम मी करते आहे.

तेव्हा तान्ह्या बाळाच्या नाकात, कानात, डोळ्यांत तेल नको. छातीला चोळायच्या तेलात कापूर नको, त्याने लहान मुलांना झटके येतात. कडुलिंबाचे तेल पाजू तर नयेच, त्याने बाळे दगावली आहेत. अंग चोळायला साधे खोबरेल किंवा सूर्यफुलाचे तेल, तेही हलक्या हाताने. ढाक्याच्या एका इस्पितळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचे तेल लावून पाहिले, तेव्हा त्यांना जंतुसंसर्ग कमी झाला, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. अर्थात अशा नाजूक बाळाला डॉक्टरांना विचारूनच लावावे. आणि स्वयंपाकघरात भाजले, तर मोठ्यांनाही तेल लावू नये. वीस मिनिटे नळाच्या गार पाण्याखाली हात धरावा.

शेवटी खरेदीविषयी. बाटलीवरच्या बदामाच्या चित्राला भुलू नका, मागची बारीक अक्षरे वाचा. तेथे 'लिक्विड पॅराफिन' पहिले असेल, तर ते बहुतांशी खनिज तेल. ते विष नव्हे. पण बदामाचा भाव देऊन ते का घ्यावे? मला ती इंग्रजी अक्षरे वाचता येत नाहीत, मी मुलीकडून वाचून घेते. त्यात कसली लाज? लाकडी घाण्याचे तेल घ्याल तर थोडे थोडे घ्या. अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा, ओला हात बाटलीत घालू नका. खवट वास आला की ते अंगालाही लावू नये.

जमलेल्या सासवांना माझी एवढीच विनंती आहे की, सुनेने "हे का करायचे?" असे विचारले, तर रागावू नका. आणि सुनांनो, मनात शंका आली तर माझ्यासारख्या गप्प बसू नका. माझे ते बाळ आज चोवीशीच्या घरात आहे आणि तेलाची बाटली दिसली की मला हसते.