हळदीच्या ढिगाची हातची किंमत

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय 'लिलावाचे शास्त्र' असा छापला आहे. शास्त्र सांगेनच. पण व्याख्यानमालेचे दिवस आणि हळदीचे दिवस आपल्याकडे एकाच वेळी येतात. संत नामदेव मार्केट यार्डात हळदीचं बीट म्हणजे लिलाव चालू आहे, वसमतकडे सेलमची कांडी पॉलिश होऊन पोत्यांत भरली जाते आहे, आणि हिंगोलीच्या सभागृहात हळद सोडून लिलावावर बोलायचं, हे मला जमणार नाही. बाजार कायद्यांचा पूर्वेतिहास तुम्हाला ठाऊकच आहे: वऱ्हाडचा 1897 चा कायदा, निजामाच्या राज्यातला 1930 चा, मग महाराष्ट्राचा 1963 चा. रुमालाखाली बोटं दाबून होणारे सौदे मोडून उघडी हर्राशी आणली, ही त्यांची मोठी कमाई. त्यात मी वेळ घालवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की उघड्या बोलीनं अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं काम हातच्या किमतीचं आहे, आणि त्याला आपण अजून हातच घातलेला नाही.

हातची किंमत म्हणजे काय, हे महसूल खात्यात नोकरी केलेल्यांना सांगायला नको. वाळूघाटाचा लिलाव निघतो तेव्हा सरकार आधी हातची किंमत ठरवतं. त्याच्या वर बोली आली नाही तर वाळू नदीतच राहते आणि फेरलिलाव निघतो. बँक थकीत कर्जदाराचं घर विकायला काढते तेव्हा 2002 च्या नियमांप्रमाणे आधी मूल्यांकन होतं, राखीव किंमत ठरते, आणि कर्जदार व बँक दोघांची संमती असल्याशिवाय त्याखाली विक्री होत नाही. आयपीएलच्या 2024 च्या जेद्दाहमधल्या लिलावात ऋषभ पंत 27 कोटींना गेला, पण त्याचीही बोली 2 कोटींच्या पायाभूत किमतीवरून उठली होती. (हशा.) हसा, पण हिशेब मांडा. वाळूला हातची किंमत आहे, जप्तीच्या घराला आहे, फलंदाजाला आहे. नऊ महिने जमिनीत काढून, मग खोदून, शिजवून, वाळवून आलेल्या हळदीला नाही. सोयाबीन, तूर, कापूस यांना निदान कागदावर हमीभाव आहे. हळदीला तोही नाही. आणि कायद्याची आडकाठी म्हणाल, तर 1930 च्या वस्तूविक्री कायद्याचं कलम 64 राखीव किंमत ठेवून लिलाव करण्याची मुभा कोणत्याही विक्रेत्याला देतं.

त्यानं फरक काय पडतो, ते एका मानलेल्या उदाहरणावरून पाहू. एका ढिगाभोवती दोनच खरेदीदार खरे इच्छुक आहेत. एकाची तयारी क्विंटलला 14,000 पर्यंत आहे, दुसऱ्याची 12,500 पर्यंत. उघड्या बोलीत दुसरा 12,500 ला थांबतो, पहिला थोडं वर बोलून माल उचलतो. त्याच्या मनातले 14,000 कोणालाच कळत नाहीत. आता शेतकऱ्यानं 13,500 च्या खाली देणार नाही असं आधीच ठरवलेलं असेल, तर पहिल्याला 13,500 मोजावे लागतात. हजाराच्या आसपासचा हा फरक केवळ नियमामुळे आला. हळद तीच, गिऱ्हाईक तेच. उलट 14,500 लिहिले असते तर माल पडून राहिला असता. रॉजर मायरसन यांनी 1981 साली हेच गणितानं सिद्ध केलं, आणि 2007 चं नोबेल ज्या कामासाठी त्यांना मिळालं त्यात हेही होतं. आपली राखीव किंमत आपल्या गरजेच्या किमतीपेक्षा थोडी वर ठेवणाऱ्या विक्रेत्याचा माल कधीकधी राहतो, पण सरासरीनं तो फायद्यात असतो.

ही किंमत जाहीर सांगावी की गुप्त ठेवावी? इथे जुन्या मोटारींच्या लिलावांकडून शिकण्यासारखं आहे. तिथे राखीव किंमत बहुधा गुप्त असते, फक्त विक्रेता आणि लिलावघर यांनाच ठाऊक. 2019 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात माँटेरे इथे 1939 ची पोर्शे टाइप 64 लिलावाला आली. फर्डिनंड पोर्शे यांच्या चमूनं बर्लिन ते रोम शर्यतीसाठी बनवलेली गाडी. महायुद्ध पेटलं आणि ती शर्यत झालीच नाही. बोली 1 कोटी 30 लाख डॉलरवर उघडली. पण लिलाव करणाऱ्याचं 'थर्टीन' लोकांना 'थर्टी' ऐकू आलं आणि पडद्यावर 3 कोटी झळकले. पडद्यावरचा आकडा 4 कोटी, 5 कोटी, 6 कोटी करत 7 कोटींवर गेला. सभागृह उभं राहून टाळ्या पिटत होतं. मग खुलासा झाला की बोली 'सेव्हन्टी' नव्हे, 'सेव्हन्टीन' म्हणजे 1 कोटी 70 लाखांची आहे. लोकांनी आरडाओरडा केला, बोली तिथेच गोठली, राखीव किंमत गाठली गेली नाही आणि गाडी न विकता परत गेली. (हशा.) ही हकीकत जरा लांबली, पण मला तिची शेवटची ओळ हवी होती. एवढा गोंधळ होऊनही विक्रेत्याची गाडी पडत्या भावात गेली नाही, कारण त्याचा आकडा आधीच लिहून ठेवलेला होता. हर्राशीच्या गलक्यात, लिलाव करणारा घाई करत असताना, एखाद्या मिनिटात हो की नाही हे त्याला ठरवावं लागलं नाही.

मागच्या रांगांत काही व्यापारी बंधू बसले आहेत. मी तुमच्याविरुद्ध बोलायला आलेलो नाही. स्वस्तात घेणं हा खरेदीदाराचा धर्मच आहे. नियम असा हवा की दोन्ही बाजूंना सारखंच बळ मिळेल. तुमचा पहिला आक्षेप मला माहीत आहे: भाव पटला नाही तर सौदा नाकारायचा हक्क शेतकऱ्याला आजही आहे. आहे, पण तो बोली संपल्यावरचा आहे. नाकारला की ढीग बदनाम होतो, दुसऱ्या दिवशी त्याभोवती कोणी थांबत नाही. आधी लिहिलेला आकडा हा नियम असतो. नंतर दिलेला नकार भांडणासारखा दिसतो. आता जाहीर की गुप्त, या प्रश्नाकडे येतो. खरेदीदार मोजके असतील तिथे जाहीर केलेली किंमतच शेवटचा भाव होऊन बसते. म्हणून मी बंद चिठ्ठीच्या बाजूचा आहे: बीट सुरू होण्याआधी समितीकडे द्यायची, आणि शेवटच्या बोलीनंतरच उघडायची.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बुलो आणि क्लेम्पेरर या अर्थशास्त्रज्ञांनी 1996 साली दाखवलं की उत्तम राखीव किंमत ठरवण्यापेक्षा एक जादा बोलीदार मिळवणं विक्रेत्याला अधिक लाभाचं असतं. मला हे मान्य आहे. कर्नाटकानं बाजार ऑनलाइन जोडले तेव्हा भात, भुईमूग आणि मका यांचे भाव 3 ते 5 टक्क्यांनी वाढल्याचं 2020 सालच्या अभ्यासात दिसलं, ते त्याच कारणानं. हिंगोलीच्या ढिगावर सांगली, निजामाबाद, इरोडची बोली येऊ द्या. मी पहिला टाळी वाजवीन. पण तो जादा बोलीदार येईपर्यंत ढीग उघडा राहतो, त्याचं काय?

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली आहेत. मग सर्वांत महत्त्वाचं तेवढं सांगतो. मोटारीचा मालक गाडी परत नेऊन गॅरेजमध्ये ठेवतो. शेतकऱ्याच्या डोक्यावर ट्रॅक्टरचं भाडं, मजुरी, वळवाचा पाऊस आणि जूनची पेरणी असते. माल परत नेण्याची सोय नसेल तर चिठ्ठीवरचा आकडा फुकाचा आहे. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. 2005 च्या महापुरानं त्यांतली कित्येक पेवं बुडवली. त्या पेवांतून थांबण्याची ताकद मिळत होती. थांबण्याची किंमत 2023 नं दाखवली: उन्हाळ्यात सहा-सात हजारांच्या आसपास असलेली हळद पावसाळ्यात दुपटीपलीकडे गेली. दर वर्षी असं होत नाही, उलटही होतं, हे कबूल. पण थांबायचं की विकायचं हे ठरवण्याची मोकळीक तरी हातात हवी. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे, तिच्यात हळद आहे, गोदामात ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजानं मिळतं. योजना तयार आहे. तिचा दरवाजा बीटाच्या शेडमध्ये उघडायला हवा.

2024 मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, जिल्ह्याचं नाव झालं. आता बाजार समितीच्या संचालकांना माझी विनंती आहे. आवक पावतीवर एक रकाना वाढवा, शेतकऱ्याची हातची किंमत. ती गाठली गेली नाही तर दुपारी त्याच ढिगाची दुसरी फेरी घ्या, आणि तीही फसली तर त्याच शेडमध्ये तारणाचा अर्ज भरून घ्या. याला नवा कायदा लागत नाही. येत्या सोमवारच्या बीटापासून सुरू करता येईल.