घरच्या मुंडावळ्या

लग्नघरी खर्चाची यादी लिहावयास बसले म्हणजे पहिले पान सराफाचे असते. १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आले, नव्या दागिन्यांवर १४ कॅरटची मर्यादा पडली. १९९० मध्ये ते नियंत्रण उठले. यादीतील ते पान, आणि त्यापायी होणारे वधुपित्याचे कर्ज, मात्र कायम राहिले.

मुंडावळ्यांना गुंजभरही सोने लागत नाही. वधूवरांना वधूवरांचे रूप देणारे हे लेणे मणी, सुई आणि दोरा एवढ्यावर घरीच सिद्ध होते. कपाळाचे माप सुताने घ्यावे. दोन आडवे सर कानशिलापासून कानशिलापर्यंत ओवावेत, मागे बांधण्यासाठी दोऱ्याची टोके हातभर मोकळी सोडावीत, आणि दोन्ही बाजूंचे लोंबते सर गालाखाली उतरतील इतके ठेवून शेवटी जरीचा गोंडा लावावा. दोरा दुहेरी हवा. चार-चार मण्यांनंतर गाठ मारली, तर ऐन मंगलाष्टकांत सर तुटला तरी मणी मांडवभर विखुरत नाहीत. काचेचे मणी दिसावयास पाणीदार, पण जड. त्यांनी मुंडावळी भुवयांवर घसरते आणि वधूचा हात सारखा कपाळाशी जातो. हलके मणीच बरे. फुलांची शोभा निराळी खरी. पण आदल्या रात्री गुंफलेली फुले अक्षता पडेपर्यंत मलूल होतात.

दिल्ली-कानपूरकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ही विद्या विशेष उपयोगाची. तेथील बाजारात सेहरा सहज मिळतो, मुंडावळ्या शोधाव्या लागतात. तेव्हा आत्या-मावश्यांनी मुहूर्ताच्या आठवडाभर आधीच ओवावयास बसावे. वरासाठीही एक जोडी लागते, हे पुष्कळदा शेवटी आठवते!