वाचता येतं, पण कळतं का? सिनेगॉगमधल्या हिब्रूच्या शाळेची गोष्ट

आजचा विषय थोडा वेगळा आहे. सिनेगॉग म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ, आणि तिथे मुलांना हिब्रू शिकवतात. ती कशी शिकवतात, आणि शिकून नेमकं काय मिळतं, यावर आज बोलू.

तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि चांगलाच जुना आहे. ज्यांच्या घरात मराठी बोलली जाते असा एक ज्यू समाज आपल्या कोकणात शतकानुशतकं राहतोय. त्यांचं नाव बेने इस्राएल. आडनावं ऐका: राजपूरकर, केहीमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर. आहेत ना आपलीच? अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि वाचलेली माणसं तिथेच राहिली, असं ते स्वतःबद्दल परंपरेने सांगतात. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे.

परंपरा असंही सांगते की काळाच्या ओघात त्यांच्याकडे ना पुस्तकं उरली, ना हिब्रू वाचता येणारं कुणी. टिकलं ते शनिवारची सुट्टी, खाण्यापिण्याचे काही नियम, मुलांची सुंता, आणि 'शेमा' ही प्रार्थना. अक्षर ओळखीचं नाही, अर्थ माहीत नाही, पण आईबापांकडून मुलांकडे आवाज जात राहिला. नुसत्या पाठांतराला आपण नेहमी नावं ठेवतो, पण इथे पाठांतरानेच धागा तुटू दिला नाही, हे आधी मान्य करू.

मग अक्षरं परत कशी आली? कोचीनच्या ज्यूंकडून शिक्षक आले. 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. 1832 मध्ये जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीतून छापलं. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतलं, धर्म मात्र आपलाच ठेवला. 1874 मध्ये पुण्यात हगादा छापला गेला, म्हणजे पेसाहच्या सणाला रात्री घरी वाचायचं पुस्तक, हिब्रू आणि मराठी दोन्हीत. 1875 मध्ये हाईम सॅम्युएल केहीमकर आणि सहकाऱ्यांनी मुंबईत समाजाची शाळा काढली आणि तिथे हिब्रू शिकवायला सुरुवात झाली. आजचं माझगावचं सर एली कदूरी स्कूल ते हेच. आणि जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनेची पुस्तकं एकामागून एक मराठीत आणली.

एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्यात हिब्रू आणि मराठी एकमेकींच्या आड आल्या नाहीत. हिब्रूने प्रार्थना दिली आणि मराठीने तिचा अर्थ दिला.

आता वर्गात शिरू. आठ वर्षांचं मूल समोर बसलंय. हिब्रूत 22 अक्षरं आहेत, लिहायचं उजवीकडून डावीकडे. पाच अक्षरं शब्दाच्या शेवटी आली की रूप बदलतात. स्वरांसाठी अक्षराच्या वरखाली ठिपके आणि रेघा देतात. मराठी मुलाला हे पटकन कळतं, कारण ही आपली बाराखडीच आहे. 'बेत' या अक्षराखाली एक ठिपका दिला की 'बि', डोक्यावर दिला की 'बो'. पहिलं अक्षर 'आलेफ', त्याला स्वतःचा आवाज नाही, चिन्ह देऊ तो स्वर. म्हणजे सावरकरी लिपीतली 'अ'ची बाराखडी: अि, अी, अु. मराठी मुलाला इथे फार झगडावं लागत नाही.

अडचण पुढे आहे. तोराची गुंडाळी, म्हणजे सिनेगॉगमधला हाताने लिहिलेला धर्मग्रंथ, त्यात हे ठिपके नसतात. नुसती व्यंजनं. आपण चॅटवर रोमन अक्षरांत 'काय' लिहिताना मधला 'ए' खाऊन टाकतो, फक्त 'के' आणि 'वाय' उरतात. तरी समोरच्याला कळतं ना? कारण त्याला भाषा येते. भाषा येत नसेल तर 'क' आणि 'म' ही दोन अक्षरं काम, कमी, कोमा काहीही असू शकतात. तेराव्या वर्षी बार मित्झ्वा होतो तेव्हा मुलाला या गुंडाळीतून वाचायचं असतं. ज्याला अर्थच माहीत नाही, त्याला तो भाग आधी घोकून घोकून पाठ करावा लागतो.

आणि इथेच सोपा रस्ता खुणावतो. देवनागरीत लिहून द्या! मूल दोन दिवसांत खडखडीत म्हणून दाखवतं. आईबाबा खूश, आजी खूश.

पण बघा काय होतं. हिब्रूत 'कोल' म्हणजे 'आवाज', आणि 'कोल' म्हणजे 'सगळं'. लिहिताना पहिलं अक्षर वेगळं: एकात 'कुफ', दुसऱ्यात 'काफ'. 'लो' म्हणजे 'नाही', आणि 'लो' म्हणजे 'त्याला'. लिहिताना शेवटचं अक्षर वेगळं. देवनागरीत हे सगळं एकाच साच्यात जातं. आवाज राहतो आणि अर्थाकडे जायचं दार बंद होतं.

अक्षराचं मोल किती, याचं उदाहरण गुंडाळीतच आहे. 'दालेत' आणि 'रेश' ही अक्षरं जवळजवळ सारखी दिसतात, फक्त कोपरा टोकदार की गोल एवढाच फरक. 'एहाद' म्हणजे 'एक'. शेवटच्या दालेतचं रेश झालं तर तो 'अहेर' होतो, म्हणजे 'दुसरा'. म्हणून शेमाच्या ओळीत 'एहाद'मधला दालेत मुद्दाम मोठा काढतात, असं सांगितलं जातं. देव एकच आहे म्हणणाऱ्या ओळीत 'दुसरा' वाचून कसं चालेल? हे एकदा सांगितलं की मूल आयुष्यात दालेत-रेशचा घोळ घालत नाही. देवनागरीतून शिकलेल्या मुलाला ही गोष्ट दिसणारच नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? प्रार्थना झाली म्हणजे झालं.

तर आता खरा मुद्दा. बेने इस्राएलांच्या सिनेगॉगमध्ये पिढ्यान्‌पिढ्या रब्बी नव्हते. प्रार्थना चालवायचा तो हझान, समाजातलाच वाचता येणारा माणूस. आणि सामूहिक प्रार्थनेला परंपरेने दहा पुरुष लागतात, त्याला मिनयान म्हणतात. 1948 नंतर यातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. आज भारतात उरलेत ते काही हजार. कोकणातल्या कित्येक सिनेगॉगमध्ये दहा माणसं जमवणं हीच मोठी गोष्ट असते. अशा वेळी वर्गात बसलेली चार मुलं म्हणजे पुढचे वीस-तीस वर्षांचे हझान आहेत. त्यांना नुसतं म्हणता आलं आणि वाचता आलं नाही, तर नवीन पान उघडल्यावर ती गप्प होतील.

'मोबाईल आहे की,' असं म्हणाल. ॲपवर उच्चार आहेत, यूट्यूबवर चाली आहेत, व्हॉट्सॲपवर गुरुजी व्हॉइस नोट पाठवतात. सरावाला उत्तमच. पण शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो, आणि शब्बाथ पाळणारा माणूस तेव्हा फोन बाजूला ठेवतो. म्हणजे ज्या वेळेसाठी तयारी केली, नेमकं त्याच वेळी फोन हातात नाही! तेव्हा जे फोनमध्ये आहे ते शुक्रवार संध्याकाळपर्यंत डोक्यात उतरायला हवं.

मग शिकवायचं कसं? मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, देवनागरी कुबडी म्हणून द्या, पण तारीख ठरवून काढून घ्या. पाहुण्यांसाठी आणि आजीसाठी ती राहू दे, मुलांसाठी नको.

दुसरी, अर्थ पहिल्या दिवसापासून द्या, आणि मराठीतून द्या. हिब्रूचे शब्द बहुधा तीन अक्षरांच्या मुळातून फुटतात. 'शालोम' घ्या. अरबी हिब्रूची बहीण, त्यामुळे आपल्याकडे आलेले 'सलाम' आणि 'सलामत' हे शालोमचे मावसभाऊ. हिब्रूत 'हेश्बोन' म्हणजे हॉटेलचं बिल. ओळखा पाहू कोण? आपला 'हिशेब'! मुंबईच्या मुलाच्या तोंडात हिब्रूचे अर्धे नातेवाईक आधीच बसलेत. फक्त ओळख करून द्यायची.

तिसरी, मुलाला काम द्या. महिन्यातून एकदा सिनेगॉगमध्ये एक ओळ त्याने वाचायची, तीही न पाठ केलेली. अडखळेल, अडखळू दे. मोठ्यांनी हळू आवाजात दुरुस्त करायचं आणि पुढे जायचं.

शेवटी एक गंमत सांगतो. इस्रायलमध्ये वाढलेल्या बेने इस्राएल मुलांना हिब्रू शिकवायला लागत नाही, ती रस्त्यावरच मिळते. तिथे चिंता उलटी आहे. आजीचं मराठी नातवाला कळत नाही. इथे अक्षर निसटतंय, तिथे अर्थ सांगणारी आजी. दोन्हीकडे उपाय मात्र एकच: मोठ्या माणसाने लहान मुलाशेजारी बसून, पानावर बोट ठेवून, एक एक शब्द वाचणं.

तुमच्या घरातही अशी एखादी आरती, दुआ, अभंग किंवा तेरीज असेल, जी सगळ्यांना म्हणता येते आणि कुणालाच पूर्ण कळत नाही. या आठवड्यात त्यातल्या एका शब्दाचा अर्थ घरच्या मोठ्यांना विचारा, आणि काय कळलं ते आम्हाला नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, शालोम आणि सलामत राहा!