दवाखाना सरकारचा, जबाबदारी आपली

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर आरोग्याचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. उत्तर साधे आहे. अंगात रक्त कमी असलेली मुलगी वर्गात बसली तरी तिचे लक्ष फळ्यावर राहत नाही. गोवराने खंगलेले मूल महिना महिना शाळा बुडवते. शिक्षण आणि आरोग्य ही एकाच गाडीची दोन चाके आहेत.

समाजात थोडा निधी जमला की आपले स्वतःचे हॉस्पिटल काढावे, अशी सूचना हमखास पुढे येते. हेतू नेक आहे. परंतु इमारतीचा पाया खणण्यापूर्वी एक गोष्ट तपासून पाहावी. गावाला उणीव नेमकी कशाची आहे?

भोर समितीने १९४६ साली प्राथमिक आरोग्य केंद्रांची शिफारस केली आणि १९५२ पासून ती केंद्रे उभी राहू लागली. सपाट प्रदेशात पाच हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र आणि तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर डोंगरी व आदिवासी भागात अनुक्रमे तीन हजार आणि वीस हजार, असे प्रमाण ठरलेले आहे. म्हणजे सांगाडा आहे. अडचण असते ती दवाखाना आणि घराचा उंबरठा यांच्यामधल्या अंतराची. हे अंतर केवळ मैलांचे नाही. ते संकोचाचे आहे, भाषेचे आहे, अविश्वासाचे आहे. ते भरून काढण्याचे काम त्या त्या भागातल्या संस्थाच करू शकतात. तीन प्रकारे हे काम झालेले आपल्याला दिसते.

पहिला प्रकार, माणूस देणे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला आले. त्यांनी गावोगावच्या स्त्रियांनाच आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या कित्येकजणी निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. पण त्या गावच्याच असल्याने कोणत्या घरात बाळंतीण आहे हे त्यांना विचारावे लागत नसे. पुढे १९८६ साली डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. तेथे गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण मिळाले. तीन वर्षांत त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ कार्यकर्ती नेमली गेली ती याच विचाराने, आणि २०११ पासून बाळंतिणीच्या घरी भेटी देण्याचे काम देशभर तिच्याकडे आले. एका कोपऱ्यातल्या संस्थेने घालून दिलेला धडा सरकारने उचलला, हे लक्षात घ्यावे.

दुसरा प्रकार, विश्वास देणे. हा प्रकार आपल्या समाजाला विशेष लागू आहे. पोलिओचे थेंब म्हणजे आपली संतती बंद करण्याचा डाव, अशी अफवा उत्तर प्रदेशातील अनेक मुस्लिम वस्त्यांत पसरली होती. लोकांना मूर्ख म्हणून ती गेली नसती. ज्या गल्लीत गटार तुंबले तरी कोणी फिरकत नाही, तेथे थेंब घेऊन सरकारी माणसे पुन्हा पुन्हा का येतात, हा त्यांचा सवाल होता. तेव्हा अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया आणि जामिया हमदर्द या संस्था पुढे आल्या. उलेमांनी आवाहने केली, मशिदीतून पुकारा झाला, मोहल्ल्यातल्याच स्त्रिया पथकाबरोबर दारोदार फिरल्या. जानेवारी २०११ नंतर या देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले.

मात्र लगेच पाठ थोपटून घेऊ नये. २०२२ साली मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली. भिवंडी आणि मालेगावातही ती पसरली. मुले दगावली. त्यांत लस न घेतलेली मुले बरीच होती. गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान, सरकारी केंद्रात मोफत मिळते. मोफत लस दारात असताना मूल जाते, याचा जाब आपण कोणाला विचारणार?

तिसरा प्रकार, हिशेब मागणे. महाराष्ट्रात २००७ साली पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवेवर लोकांनीच देखरेख ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला. गावसमितीने पाहणी करायची, औषधे मिळतात का, नर्सबाई येतात का, याची नोंद ठेवायची आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ती मांडायची. आरडाओरड केल्याने दवाखाना सुधारत नाही. नोंदी घेऊन दरमहा विचारल्याने सुधारतो.

आता आपण काय करावे? तीन गोष्टी सुचवतो.

शाळेत प्रवेश देताना लसीकरणाचे कार्ड पाहावे. लस राहिली असेल तर प्रवेश नाकारू नये. पालकांना उपकेंद्राची वाट दाखवावी. दुसरे, २०१३ पासून राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळाशाळांत तपासणीला येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि पुढील तपासणीसाठी मिळालेली चिठ्ठी दप्तरात चुरगळू देऊ नका. त्या चिठ्ठीत कधी हृदयाच्या छिद्राची, कधी कमी ऐकू येण्याची खूण असते.

तिसरी गोष्ट मुलींच्या पालकांसाठी. महिला डॉक्टर, नर्स नाही म्हणून घरातल्या बाईला दवाखान्यात नेत नाही, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. परंतु त्याच घरातली मुलगी बारावीनंतर नर्सिंगला जाते म्हणाली की नकार मिळतो. मग ती महिला नर्स यायची कोठून? हकीम अजमल खान यांनी १९०९ साली दिल्लीत स्त्रियांसाठी तिब्बी मदरसा काढला आणि दायांना शास्त्रीय शिक्षण देण्याची सोय केली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जे त्यांना योग्य वाटले, ते आज आपल्याला कमीपणाचे का वाटावे? नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी संस्थेने शिष्यवृत्ती ठेवावी, अशी माझी विश्वस्तांना विनंती आहे. एका हॉस्पिटलच्या इमारतीच्या खर्चात अशा कितीतरी मुली शिकतील, आणि त्या जेथे जातील तेथे दवाखान्याचे दार आपल्या बायाबापड्यांना उघडे होईल.

विद्यार्थी मित्रहो, खिदमत हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्या गावच्या उपकेंद्रात कोणत्या वारी लसीकरण असते, एवढे जरी या आठवड्यात विचारून आलात आणि शेजारच्या दोन घरी सांगितलेत, तरी त्या शब्दाचा अर्थ कळू लागेल. अल्लाह आपल्या प्रयत्नांत बरकत देवो.

खुदा हाफिज. जय हिंद.