रोहिणीचे पाणी आणि जाफनाची वाट

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला ‘धम्म आणि युद्ध’. विषय मोठा, आमची ताकद लहान. म्हणून त्यातला एकच तुकडा घेतो. दुसऱ्या देशात घरातल्या घरात लढाई पेटली, तर तिथे आपले सैन्य पाठवावे की नाही? आणि हे ठरवायचे कोणी?

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सांगितलेली रोहिणी नदीची हकीकत आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. शाक्य आणि कोलियांचा पाण्यावरून तंटा झाला. सेनापतीने संघाच्या सभेत युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने उठून विरोध केला. दोघे आमचे, दोघे त्यांचे, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाच जणांनी तंटा मिटवावा, अशी दुरुस्ती त्याने सुचविली. मते पडली, दुरुस्ती हरली. दुसऱ्या दिवशी वीस ते पन्नास वयाच्या शाक्यांना सैन्यात घेण्याचा ठराव आला. सिद्धार्थाने नकार दिला, तेव्हा घरादारावर बहिष्कार आणि जमीनजप्तीची धमकी मिळाली. शेवटी घरच्यांना झळ नको म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली.

आपण ही गोष्ट सांगताना घाईघाईने गृहत्यागावर येतो. पण सभेपाशी जरा थांबा. सिद्धार्थ तिथे हरला, हे खरे. तरी युद्धाआधी सभा भरली, विरोध करणाऱ्याला बोलू दिले आणि मते मोजली गेली. एवढेसुद्धा १९८७ साली आपल्या वाट्याला आले नाही.

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. दुसऱ्याच दिवशी आपले जवान जाफनाजवळ उतरले. संसदेची आधी संमती घेतली नव्हती, कायद्याने ती लागतही नाही. सैन्याचे नाव होते शांतिसेना. तामिळ वाघांची शस्त्रे खाली ठेवून घ्यायची आणि परत यायचे, असे सांगितले गेले. ऑक्टोबरात त्याच वाघांशी लढाई जुंपली.

त्या काळी आमच्या पाटीपुऱ्यात टी.व्ही. मोजक्या घरी. ज्यांचे पोरगे फौजेत, त्या घरी आंतर्देशीय पत्र यायचे. त्यावर पत्ता ५६ ए.पी.ओ., गावाचे नाव नाही. आम्हाला आठवते, शेजारच्या आजी पत्र वाचून घ्यायला यायच्या आणि विचारायच्या, “पाकिस्तानाशी लढाई लागली का बाप्पा? नाही? तं मंग माह्यं पोरगं कोठी हाय?” आम्ही शिकलेली माणसे, पण आम्हाला धड उत्तर देता येईना. नकाशात बोट ठेवून दाखविले. आजींना नकाशा नको होता.

त्या लढाईत महार रेजिमेंटची ८ वी बटालियन होती. तिचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी जाफना भागात शहीद झाले. छातीत गोळी लागलेली असताना त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला टिपले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. आता हे ध्यानात घ्या. मुंबईत जन्मलेला तामिळ घरचा अधिकारी, महार रेजिमेंटचा, तामिळ बंडखोरांशी लढताना मेला, आणि तोही सिंहली-तामिळांच्या भांडणात. जात, भाषा, धर्म कशाचाच हिशोब तिथे लागत नाही. शौर्याबद्दल शंका नाही. प्रश्न पाठविणाऱ्यांना आहे.

दुसरी बाजूही बोलली पाहिजे. त्याच ऑक्टोबरात, दिवाळीच्या दिवसांत, जाफनाच्या रुग्णालयात आपल्या सैन्याच्या गोळ्यांनी रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मेल्या. आतून गोळीबार झाला असे सैन्याचे म्हणणे, वाचलेल्यांचे म्हणणे वेगळे. मेलेल्यांच्या घरी या वादाचा काय उपयोग?

आपल्यातले काही जण तेव्हा म्हणत, श्रीलंका बौद्धांचा देश, आपण त्यांच्या बाजूने असले पाहिजे. आम्हाला हे तेव्हाही पटले नाही. बाबासाहेब १९५० साली तिथल्या बौद्ध परिषदेला गेले होते, त्या भूमीबद्दल आदर आहेच. पण १९५६ साली इथे आपण समतेसाठी धम्म घेत होतो, त्याच वर्षी तिथे फक्त सिंहली राजभाषा करून तामिळांना परके केले गेले. तो कायदा आणणारे पंतप्रधान भंडारनायके यांचा १९५९ साली खून झाला, तो एका चीवरधारी भिक्खूच्या हातून. १९८३ च्या जुलैत तामिळांची घरे-दुकाने जाळली गेली. उलट वाघांनीही बसमधल्या बौद्ध भिक्खूंना मारले, लहान पोरांच्या हाती बंदुका दिल्या. पंचशील म्हणणारा कोणत्या बाजूला उभा राहणार होता?

मार्च १९९० मध्ये शांतिसेना परत आली. सुमारे बाराशे जवान गेले होते. मद्रास बंदरावर स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. श्रीलंकेच्या सरकारने तर आधीच ‘निघा’ म्हटले होते. ज्यांच्यासाठी गेलो त्यांनाही नको आणि ज्यांच्याशी लढलो त्यांनाही नको, अशी गत झाली. चर्चा मग झाली, भरपूर झाली. पण पोरे गेल्यावर.

२००३ साली वेगळे घडले. अमेरिकेने इराकसाठी आपल्याकडे सुमारे १७ हजार सैनिक मागितले. तेव्हा वर्तमानपत्रांत, पक्षांत, निवृत्त सेनाधिकाऱ्यांत उघड वाद झाला. विरोधी पक्षनेत्या सोनिया गांधींनी पंतप्रधान वाजपेयींना विरोधाचे पत्र दिले. लोकसभेने एप्रिलमध्येच युद्धाचा निषेध केला होता. १४ जुलैला सरकारने नाही म्हटले. पुढे इराकमध्ये भावाने भावाला मारायला सुरुवात केली, तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्या आईला ५६ ए.पी.ओ.चे पत्र वाचून घ्यावे लागले नाही.

असे प्रश्न विचारले की कोणी म्हणतो, हे फौजेच्या विरोधात आहेत. अहो, १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहावी म्हणून झटणारे बाबासाहेबच होते. आणि १९५१ मध्ये मंत्रिपद सोडताना, ३५० कोटींच्या महसुलातले १८० कोटी सैन्यावर का जातात, असे विचारणारेही तेच. आपले परराष्ट्र धोरण चुकले म्हणून मित्र राहिले नाहीत, हे त्यांनी तिथेच सांगितले. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या.

सैन्य परदेशी धाडण्याआधी संसदेची संमती हवी, असा नियम आजही नाही. आपल्या मतदारसंघातला खासदार मते मागायला पाटीपुऱ्यात येतो, तेव्हा रस्ता, नाली, घरकुल विचारतोच आपण. हेही एकदा विचारून पाहू. तो गोंधळेल, गोंधळू द्या.

शेवटी एक विनंती. आज मागच्या रांगेत दोन भाऊ बसले आहेत, जे त्या शांतिसेनेतून परत आले. साठी ओलांडली त्यांनी. इतक्या वर्षांत या विहारात आपण त्यांचा सत्कार दोनदा केला, पण तिथे काय पाहिले हे कधी विचारले नाही. आमचीही ती चूक आहे. भोजनदानाला अजून अर्धा तास आहे. भन्तेंच्या अनुमतीने आम्ही माईक त्यांच्याकडे देतो. त्यांना बोलायचे असेल तेवढेच ते बोलतील.

जयभीम. नमो बुद्धाय.