बर्फाखालचे जिवंत आमिष

मिन्नो म्हणजे गोड्या पाण्यातले बोटाएवढे मासे. अमेरिकेच्या उत्तरेला, विशेषतः मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या राज्यांत, हिवाळ्यात तळी गोठली की बर्फाला भोक पाडून मासे धरतात आणि त्यासाठी हे मिन्नो जिवंतच गळाला लावतात. एकट्या मिनेसोटात दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ तळी आहेत. मिल लॅक्स, लीच लेक, लेक ऑफ द वूड्स यांसारख्या मोठ्या तळ्यांच्या गोठलेल्या पाठीवर डिसेंबरपासून लाकडी खोपटांची आणि तंबूंची वस्ती उभी राहते, ती थेट मार्चपर्यंत.

तळे गोठते ते वरून. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत ४ अंशांच्या आसपासचे पाणी तळाशी राहते, त्याहून गार पाणी वर राहून गोठते आणि खालचे मासे जगतात. पण माशांचे शरीर पाण्याच्या तापमानाने चालते. गारठ्यात अन्न सावकाश पचते, भूक मंदावते, भक्ष्यामागे लांबवर धावणे परवडत नाही. त्यात बर्फ आणि त्यावरचे हिम यांमुळे खाली उजेडही बेताचाच. अशा वेळी शिकारी माशाला नजरेच्या जोडीला गंध उपयोगी पडतो आणि त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेली पार्श्वरेषाही. पाण्यातली बारीकशी थरथर या रेषेला जाणवते. जिवंत मिन्नो एकाच जागी टांगलेला असतो, तरी सतत हलत असतो. धावावे न लागता मिळणारा हा घास सुस्तावलेल्या माशालाही सोडवत नाही. जिवंत आमिषाच्या यशाचे खरे कारण हे आहे.

कोणता मिन्नो लावायचा हे कोणता मासा धरायचा त्यावर ठरते. सगळ्यांत जास्त चालतो तो फॅटहेड. लांबी ५ ते ८ सेंटिमीटर, अंगाने चिवट, आणि कमी प्राणवायूच्या पाण्यातही तग धरणारा. शायनर रुपेरी, चमकदार आणि शिकारी माशांना अतिशय प्रिय, पण नाजूक. हाताळणी जराशी चुकली की खवले झडतात आणि मासा मरतो. क्रॅपी आणि पर्च यांची तोंडे लहान, म्हणून त्यांच्यासाठी अगदी छोटे मिन्नो निवडतात. नॉर्दर्न पाइकसाठी मात्र १५ ते २५ सेंटिमीटरचा, सकर नावाचा मोठा आमिष-मासा लागतो. मिनेसोटाचा लाडका मासा वॉलआय. त्याच्या डोळ्यांत उजेड परावर्तित करणारा थर असल्याने त्याला अंधुक प्रकाशात चांगले दिसते. म्हणून पहाट आणि तिन्हीसांजा या त्याला धरण्याच्या वेळा.

बर्फाला भोक पाडायचे ते ऑगरने, म्हणजे मोठ्या गिरमिटाने. भोक साधारण २० ते २५ सेंटिमीटर रुंद असते. त्यात साठणारा बर्फाचा चुरा झाऱ्यासारख्या लांब दांड्याच्या पळीने उपसत राहावा लागतो. त्याआधी बर्फाची जाडी तपासणे अनिवार्य आहे. पायी चालायला किमान ४ इंच स्वच्छ, घट्ट बर्फ हवा, असे मिनेसोटाचे नैसर्गिक साधनसंपत्ती खाते सांगते. मोटारीसाठी त्याच्या दुपटीहून अधिक. भुरकट, हिमाने बनलेला बर्फ याहून कच्चा असतो.

गळ टाकायच्या मुख्य पद्धती दोन. एकीत लहानशी काठी हातात धरून किंवा जवळ टेकवून ठेवतात. दोरीला तरंगणारे बूच, खाली शिशाची गोळी आणि टोकाला गळ. दुसरी पद्धत टिप-अपची. भोकावर आडवी ठेवलेली एक चौकट, तिच्यापासून खाली पाण्यात बुडालेले दोरीचे रीळ, आणि वर स्प्रिंगच्या पट्टीला लावलेले छोटे निशाण. रीळ पाण्याखाली असल्याने त्यावरची दोरी गोठत नाही. माशाने आमिष ओढले की रीळ फिरते, खटका सुटतो आणि निशाण ताडकन उभे राहते. मग माणूस धावत येऊन दोरी हातानेच ओढतो. मिनेसोटात हिवाळ्यात एका माणसाला दोन गळ लावता येतात, एरवी एकच.

मिन्नो गळाला लावणे हे हातोटीचे काम आहे. टिप-अपवर गळ पाठीवरच्या पराच्या लगेच खाली, कातडीतून अलगद टोचतात. टोक जरा खोल गेले आणि कण्याला लागले, तर मिन्नो लुळा पडतो आणि आमिषातला जीव जातो. शेपटीकडे टोचलेला मिन्नो डोके खाली करून निसटू पाहतो आणि त्याची धडपड वाढते. वर-खाली हलवायच्या गळाला तो दोन्ही ओठांतून लावतात. वॉलआय तळालगत फिरतो, त्यामुळे आमिष तळापासून वीतभर किंवा थोडे अधिक वर ठेवायचे. आमिष जास्त खाली गेले तर मिन्नो गाळात किंवा शेवाळात दडी मारतो आणि कोणाला दिसतच नाही.

मिन्नोच्या कातडीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. १९३८ साली कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की मिन्नोची कातडी फाटली की तीतून एक द्रव्य पाण्यात मिसळते आणि त्याच्या वासाने आसपासचे मिन्नो घाबरून एकत्र गोळा होतात किंवा पळ काढतात. मधमाश्यांच्या नाचाचा उलगडा करणारे आणि १९७३ साली नोबेल मिळवणारे फ्रिश ते हेच. पुढे फॅटहेडवर झालेल्या प्रयोगांत असेही दिसले की पाइकसारखा शिकारी मासा याच गंधाकडे ओढला जातो.

सगळ्यांत जास्त कौशल्य लागते ते मात्र बादलीत मिन्नो जिवंत ठेवायला. गार पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो: शून्य अंशाला लिटरमागे सुमारे १४.६ मिलिग्रॅम, तर २५ अंशांना सुमारे ८.३. म्हणून हिवाळ्यात मिन्नो टिकवणे उन्हाळ्यापेक्षा सोपे, पण गर्दी झाली तर ही शिल्लकही पुरत नाही. उष्णता अडवणारी बादली आणि बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप एवढ्याने दिवस निघतो. पाण्यावर धरलेला बर्फाचा पापुद्रा अधूनमधून फोडावा लागतो. दुकानातल्या उबदार पाण्यातले मिन्नो एकदम गोठत्या पाण्यात सोडले तर धक्क्याने मरतात. पाणी हळूहळू गार व्हायला हवे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्यांना विषासारखे असते, ते आधी काढून टाकावे लागते. पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करणारे मिन्नो दिसले, तर पाण्यातला प्राणवायू संपत आल्याची ती खूण असते.

याच बादलीत या पद्धतीचा मोठा धोकाही आहे. २००५ मध्ये उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत व्हायरल हेमोरेजिक सेप्टिसेमिया हा माशांचा प्राणघातक रोग ओळखला गेला. माणसाला त्याची बाधा होत नाही, पण माशांच्या अवयवांत रक्तस्राव होतो आणि मासे मोठ्या संख्येने मरतात. २००७ मध्ये तो विस्कॉन्सिनच्या विनेबागो तळ्यात पोचला. एका तळ्याचे पाणी किंवा मासे दुसऱ्या तळ्यात नेले की असा रोगही सोबत जातो. झेब्रा शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्लेही तशीच प्रवास करतात. उरलेले मिन्नो दयाबुद्धीने पाण्यात सोडून देण्याचे परिणाम तर पिढ्यानपिढ्या टिकतात. न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांतल्या कित्येक तळ्यांत बाहेरून आलेल्या गोल्डन शायनर आणि पर्च यांच्यामुळे मूळच्या ब्रूक ट्राउटचा ऱ्हास झाला. म्हणून तिथल्या अनेक तळ्यांत आमिष म्हणून मासा वापरायलाच मनाई आहे. चिवट फॅटहेडही निरुपद्रवी नाही. उथळ पाणथळीत तो शिरला की पाणकीटकांचा फडशा पाडतो, पाणी गढूळ होते आणि बदकांचे अन्न घटते.

कायदे याच अनुभवातून आले आहेत. मिनेसोटात बाहेरच्या राज्यांतून जिवंत मिन्नो आणायला बंदी आहे, आणि तळ्यावरून निघताना बादलीतले पाणी ओतून टाकावे लागते. मिन्नो राखायचे असतील तर सोबत आणलेले स्वच्छ पाणी भरायचे. विस्कॉन्सिनमध्ये परवानाधारक दुकानातून घेतलेले उरलेले मिन्नो त्याच तळ्यावर पुन्हा वापरता येतात. दुसरीकडे न्यायचे तर त्यांच्या बादलीत तळ्याचे पाणी किंवा मासा पडलेला नसावा. कॅनडातल्या अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया या प्रांतांत जिवंत माशाचे आमिष चालत नाही, आणि क्युबेकने २०१७ पासून ते संपूर्ण बंद केले. जर्मनी आणि नॉर्वे इथेही मनाई आहे. जर्मनीत तिचा आधार प्राण्यांना विनाकारण वेदना देऊ नयेत या कायद्याचा. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. जिवंत मासा टोचून तासन्‌तास टांगून ठेवण्यात क्रौर्य आहेच. जिथे मेलेला किंवा गोठवलेला मिन्नो चालतो, तिथे तोच लावणे बरे. पाइक तर मेलेला मासाही आवडीने घेतो.

महाराष्ट्रातही मरळ धरायला जिवंत बेडूक किंवा छोटा मासा गळाला लावतात, त्यामुळे ही रीत मराठी माणसाला परकी नाही. मिनेसोटा-विस्कॉन्सिनमध्ये राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींना बर्फावर जाऊन पाहायचे असेल, त्यांनी आधी मासेमारीचा परवाना काढावा, बर्फाची जाडी स्वतः मोजावी, मिन्नो परवानाधारक स्थानिक दुकानातूनच घ्यावेत, आणि दिवसाअखेरी उरलेले नको असतील तर ते तळ्यात न सोडता पिशवीत बांधून कचऱ्याच्या डब्यात टाकावेत.