स्वयंपाकघरातला यमन आणि न थांबणारा ठेका

आज बोलायचंय भारतीय फ्युजन इलेक्ट्रॉनिक संगीताबद्दल. पार्टीतल्या मोठ्या स्पीकरवरच्या नाही हं, तर लोकलमध्ये, भांडी घासताना, कपड्यांच्या घड्या घालताना आपण जे कानात लावतो त्याबद्दल.

यात मला सगळ्यात जवळचे वाटतात चरणजित सिंग. मुंबईतले वादक, हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदात वाजवणारे. १९८२ साली त्यांनी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड केली. सगळी करामत तीन रोलँड यंत्रांवर: ज्युपिटर-८ वर सूर, टीबी-३०३ वर बास आणि टीआर-८०८ वर ठेका. या टीबी-३०३ मध्ये ‘स्लाइड’ नावाची सोय असते. एक सूर तुटत नाही, घसरत पुढच्या सुरात जातो. आपल्या कानाला लगेच मींड आठवते!

पुढे शिकागोत याच यंत्राच्या आवाजावर ‘अ‍ॅसिड हाउस’ उभं राहिलं. फ्युचर या गटाचा ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आला १९८७ मध्ये. म्हणजे आपल्या मुंबईतलं काम पाच वर्षं आधीचं. पण ते मागेच पडलं. २०१० मध्ये रेकॉर्ड पुन्हा निघाली, तेव्हा कुठे जगाचे कान टवकारले.

माझी आई गाणं शिकलेली. तिच्या लेखी हे सगळं म्हणजे धांगडधिंगा. एकदा ती मेथी निवडत होती आणि मी याच रेकॉर्डमधला यमन लावला. थोड्या वेळाने म्हणाली, “अरे, यमन आहे की हा!” आणि गुणगुणायलाच लागली. मग थांबली. “सूर बरोबर आहेत रे. पण हा ठेका दमच धरत नाही. सुराला जरा बसू तरी देईल की नाही?”

मला तिचं म्हणणं पटतं. आलापात ठेका नसतोच. गाणारा एकेका सुरापाशी रेंगाळतो, तिथेच राग उलगडतो. इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच चाल. त्यामुळे ख्यालाची तहान यावर भागणार नाही. पण ज्या दिवशी तासभर बसून ख्याल ऐकणं जमत नाही, त्या दिवशी रागाची ओळख तरी जिवंत राहते. आणि असे दिवसच जास्त असतात, नाही का?

म्हणून एक करून बघा. रोज नवी प्लेलिस्ट नको. आठवडाभर एकच तुकडा घ्या. पहिल्यांदा फक्त बास ऐका. दुसऱ्यांदा ठेका सोडून सुरांच्या मागे जा: कुठला सूर पुन्हा पुन्हा येतोय, कुठला अजिबात येत नाही? भूप असेल तर मध्यम आणि निषाद सापडणारच नाहीत. आणि रविवारी, जरा निवांत, त्याच रागातला एखादा विलंबित ख्याल लावा. ओळखीचं माणूस सावकाश बोलताना भेटल्यासारखं वाटेल.

तुमच्या घरी असं कोणी ‘धांगडधिंगा’ म्हणणारं असेल, तर त्यांनाही सोबत बसवा. त्यांचे कान आपल्यापेक्षा तयार असतात. कुठला राग लावलात ते मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!